चीक तयार, गच्ची बंद

१९ एप्रिल, रविवार. सकाळपासून स्वयंपाकघराचा माळा रिकामा करते आहे. उद्या गवंडी येऊन ओटा फोडणार, त्याआधी वरचं सगळं खाली आलं पाहिजे. आमचं डोंबिवलीचं घर तसं आटोपशीर आहे, पण तीस वर्षांत माळ्यावर काय काय चढून बसतं ते खाली काढल्यावरच कळतं. दोन फुटके कुकर, मुलाची पाटी, लग्नात आलेले आणि कधीच न उघडलेले लेमन सेट. भंगारवाल्याचा ढीग मोठा आणि ठेवायचा ढीग छोटा, असा माझा नेम आहे. ठेवायच्या ढिगात आत्तापर्यंत एकच वस्तू गेली आहे, आईचा पितळी सोऱ्या. शेव-चकलीचा असतो तो नव्हे. हा कुरडयांचा, चांगला हातभर उंच, वर फिरवायची मूठ आणि आत बोटाएवढं जाड मळसूत्र. सुनेने विचारलं, "आई, हे काय, पंप आहे का?" तिला तेव्हाच सांगायला बसले असते तर माळा तसाच राहिला असता. आता जेवणं झालीत, भांडी झालीत, तर लिहूनच काढते.

मी वाढले ठाण्यात, वागळे इस्टेटला लागून असलेल्या एका दोन मजली चाळीत. खाली आठ खोल्या, वर आठ खोल्या, त्यावर सपाट गच्ची. पलीकडे भिंत, आणि भिंतीपलीकडे कारखाने. आमच्या घरात घड्याळ होतं, पण ते कुणी बघत नसे. सकाळी सातचा भोंगा झाला की अण्णांचा डबा भरलेला असायचा, साडेतीनचा झाला की नळाला पाणी यायचं आणि रात्री साडेअकराचा आम्ही झोपेतच ऐकायचो. मधल्या वेळात प्रेसमशीनचा धप्प-धप्प असा आवाज अखंड चालू असे. नवी बिऱ्हाडं आली की पहिला आठवडा त्यांना झोप लागत नसे. पुढे शुक्रवारी, म्हणजे कारखान्यांच्या सुट्टीच्या दिवशी, आवाज थांबला की त्यांना चुकल्यासारखं व्हायचं. वास तर दिशेवर ठरायचे. एका बाजूने रबराचा, दुसऱ्या बाजूने रंगाचा, आणि जिन्यातून वर जाताना दर दारातला वेगळा. राणेकाकूंकडे सुकट भाजलेली असायची, आमच्याकडे लसणीची फोडणी, खाली प्रधानांकडे वालाचं बिरडं. सोळा बिऱ्हाडांत निम्मी कोकणातली आणि निम्मी देशावरची. प्रधान तेवढे ठाण्याचे जुने रहिवासी. नवरात्रात टेंभी नाक्याच्या देवीला आम्ही सगळे एकत्र चालत जायचो, तेव्हा दर वळणावर तिथे पूर्वी काय होतं ते प्रधानकाका सांगायचे आणि आमच्या आया मान डोलवत भराभर चालायच्या.

मालक मुलुंडला राहायचे. त्यांच्या वतीने चाळीची देखरेख प्रधानकाकांकडे होती. कोर्टात कारकून, बोलणं मोजून-मापून, शर्टाच्या खिशाला कायम पेन. गच्चीची किल्ली त्यांच्याच दारामागच्या खिळ्याला असायची, पण कुलूप लावलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. चाळीतला एकुलता एक टीव्हीही त्यांच्याकडेच. बुधवारी रात्री गाणी लागायची तेव्हा त्यांच्या दोन खोल्यांत पंचवीस-तीस माणसं बसायची आणि बाहेर चपलांचा खच पडायचा. प्रधानकाकू प्रत्येकाला सरकून घ्यायला सांगायच्या. मनाने माणसं चांगली, हे आधी लिहून ठेवते, कारण पुढे मी त्यांच्याबद्दल फार गोड लिहिणार नाही.

मार्च संपला की गच्ची बायकांची. आज राणेकाकूंचे पोह्याचे पापड, उद्या कुणाच्या सांडग्या मिरच्या, परवा आमच्या कुरडया. ज्या घरचं काम असेल तिथे बाकीच्या चौघी-पाचजणी आपापलं पोळपाट-लाटणं घेऊन हजर. बोलावणं नाही, आभार नाहीत. जाताना ओल्या लाट्या पदरात घेऊन जायच्या, बस्स. या कामात पोरींचा वाटा म्हणजे राखण. हातात काठी, डोक्यावर काळी छत्री, आणि कावळा आला की "हाड्!" मी तेव्हा तेरा वर्षांची होते आणि राखणीत पटाईत होते. इतकी, की घरोघरी मलाच मागायचे. "तुमची कुंदा द्या हो आज." जणू काही मी खलबत्ताच.

त्या वर्षी ताईचं लग्न ठरलं होतं. शैलाताई माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. मुलाकडचे कल्याणचे, गाव कऱ्हाडकडचं. सुपारी फुटली त्या दिवशी मुलाची आत्या आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत सगळीकडे नजर फिरवून म्हणाली, "रुखवतात कुरडया-पापड घरचं असलं म्हंजे शोभा येती. पण तुम्ही आता ठाण्याची माणसं. तुमच्यात इकतचंच आणत असतील, न्हाई का?" आई चहाचे कप गोळा करत होती. कप तसेच हातात धरून म्हणाली, "सोळा बिऱ्हाडांची गच्ची हाय आमची. एकूणएक जिन्नस घरचा यील. कुरड्या आधी मोजा आन् मग अक्षता टाका." अण्णा खोकले. आत्याबाईंनी पदर सावरला. आई एरवी चार माणसांत तोंड उघडत नसे, त्यामुळे तिचा तो शब्द चाळीत दोन दिवस फिरत होता.

सोमवारी आईने पाच किलो गहू भिजत घातले. कुरडयांचं गणित ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, त्या दिवसांत घरभर आंबूस वास. चौथ्या दिवशी वाटायचे, पिळून कोंडा काढायचा आणि दूध रात्रभर झाकून ठेवायचं. सकाळी वर निवळ पाणी येतं आणि तळाला पांढराशुभ्र चीक बसतो. एकदा चीक बसला की थांबता येत नाही. त्याच दिवशी शिजवायचा, गरम असतानाच सोऱ्यात घालून पाडायचा आणि त्याच दिवशी कडक ऊन मिळालं पाहिजे. एक दिवस चुकला तर चीक आंबून जातो, मग तो गाईलाही घालवत नाही. चाळीत फ्रीज कुणाकडेच नव्हता.

बुधवारी राणेकाकूंचे पापड होते आणि राखणीला मी. ऊन मरणाचं होतं. छत्री धरून हात भरून आला तेव्हा मी राणेकाकूंचं एक जुनं लुगडं घेतलं, त्याचं एक टोक पाण्याच्या टाकीच्या पाइपाला बांधलं, दुसरं टोक हाताशी जो दांडा आला त्याला बांधलं, आणि खाली मस्त सावलीत बसून राखण केली. तो दांडा प्रधानकाकांच्या अँटेनाचा होता. दुपारी वारा सुटला, लुगडं शिडासारखं फुगलं, दांडा कुरकुरत फिरला. मी लुगडं सोडून घेतलं, घडी घातली, पापड गोळा केले आणि खाली आले. अँटेनाचं तोंड मुंबईकडे असावं लागतं हे मला ठाऊक नव्हतं. माझ्या दृष्टीने तो एक खांब होता.

रात्री टीव्ही लावला तर नुसत्या मुंग्या. आवाजही नाही, खरखर फक्त. पंचवीस माणसं पाऊण तास मुंग्यांकडे बघत बसली, कुणी सेटला थापट्या मारल्या, कुणी म्हणालं स्टेशनच बंद असेल. शेवटी एकजण गच्चीवर जाऊन आला आणि म्हणाला, "काका, अँटेना पार घोडबंदरकडे बघतोय." सगळ्यात जास्त राणेकाकू संतापल्या. "कोणाचे हात मोडले ते! आठवडाभर वाट बघतंय मी!" त्यांच्याच लुगड्याने हे केलं होतं. मी त्यांच्या शेजारीच बसले होते.

गुरुवारी दिवसभर आई, ताई आणि राणेकाकू दोन पाट्यांवर गहू वाटत होत्या. संध्याकाळी मोठं पातेलं भरून दूध झाकून ठेवलं. मी पाणी ओतायला बाहेर आले तर प्रधानकाका गच्चीच्या जिन्यावरून खाली येत होते. वर पत्र्याच्या दाराला नवंकोरं कुलूप. आई हात पुसत धावली, मागे राणेकाकू.

"भाऊजी, उद्या आमच्या कुरड्या हायेत. शैलाच्या लग्नाच्या."

"वहिनी, मला सगळं ठाऊक आहे. पण अँटेनाचा दांडा आता जागेवर ठरत नाही, आणि दुरुस्तीचा माणूस सोमवारशिवाय येत नाही. तोवर गच्ची बंद."

"कुरड्यांनी अँटेनाचं काय केलं?" राणेकाकू म्हणाल्या.

"कुरड्यांनी नाही, दोऱ्यांनी. तुम्ही बायका तिथे काय काय बांधता, काय काय टांगता! गच्ची ही मालकांची मालमत्ता आहे, भाडेकरूंची सोय नव्हे. मी आजवर डोळेझाक केली."

"एक दिवस द्या," आई म्हणाली. "फक्त उद्याचा. मी सवता राखण बसती."

"उद्या पहाटे आम्ही दोघं डोंबिवलीला बहिणीकडे जातोय. संध्याकाळी येऊ, मग बोलू." आणि त्यांनी किल्ली खिशात टाकली. खिळ्याला अडकवली नाही, हे आम्ही तिघींनी पाहिलं.

खाली अंगणात वाळवावं तर टेम्पोंची धूळ. गॅलरी उत्तरेची, तिथे उन्हाळ्यातही ऊन येत नसे. शेजारच्या चाळीला पत्रे. घरात आई पातेल्याशेजारी बसली, झाकण उघडून बघायची, पुन्हा ठेवायची. ताई म्हणाली, "आई, कुरडयांवाचून लग्न मोडत नाही कुणाचं." आई म्हणाली, "लगीन न्हाई मोडत. माझा शब्द मोडतो." एवढंच. रडली असती तर मला बरं वाटलं असतं. मी ताईला बाहेर बोलावून लुगड्याची गोष्ट सांगितली. "आईला सांगू नकोस," ती म्हणाली. "सांगून कुलूप उघडणार आहे का? गच्ची शोध."

मी पुढे बत्तीस वर्षं नर्स म्हणून नोकरी केली. वॉर्डात काही बिघडलं की नव्या मुली आधी कुणाची चूक यावर अर्धा तास घालवायच्या, तेव्हा मला ताईचं ते वाक्य आठवायचं.

गच्ची मला माहीत होती. अण्णा ज्या वर्कशॉपमध्ये टर्नर होते, तिथे सुट्टीत मी कधीकधी विसरलेला डबा घेऊन जायची. पिण्याच्या पाण्याची टाकी वर स्लॅबवर होती, तिथवर मी गेले होते. लांबच लांब स्वच्छ स्लॅब, ना झाड, ना दोरी, ना कावळा. कावळ्याला खायलाच काही नाही तर तो तिथे कशाला येतो? आणि उद्या शुक्रवार, कारखाना बंद. मी अण्णांना सांगितलं. अण्णा जेवता जेवता थांबले. "कारखाना आहे तो, तुझ्या आईचं माहेर नाही. शेठला काय विचारू? साहेब, माझ्या बायकोला कुरडया घालायच्यात?" "हो," मी म्हणाले. "असंच विचारा." ते उठून हात धुवायला गेले. अण्णा मशीनवर फार धीट होते, माणसांपुढे नव्हते.

सकाळी सहाला मीच गेले. सुट्टीच्या दिवशी इस्टेटीतले रस्ते इतके रिकामे असत की आपल्याच चपलांचा आवाज ऐकू यावा. फाटकात रामसेवक वॉचमन दात घासत होता. मला ओळखायचा. मी सगळं सांगितल्यावर तो म्हणाला, "बेटी, मेरे हाथ में कुछ नहीं. सेठ बोलेगा तो चाबी देगा." त्याच्या केबिनमध्ये फोन होता आणि वर भिंतीवर लाल रंगात शेठच्या घरचा नंबर, आग लागली तर करायला. मी म्हटलं, "लावा फोन." "आग लगी है क्या?" "लागलीच समजा." तो हसला, आणि हसला म्हणूनच त्याने नंबर फिरवला आणि रिसीव्हर माझ्या हातात दिला. मी जन्मात फोनवर बोलले नव्हते. इतक्या जोरात "हॅलो" म्हणाले की रस्त्यापलीकडचा कुत्रा उठून बसला.

शेठ देवळात गेले होते. फोनवर शेठाणी होत्या. मी नाव, अण्णांचं नाव, ताईचं लग्न, गच्चीचं कुलूप, सगळं एका दमात ओरडून सांगितलं. पलीकडून गुजराती वळणाच्या मराठीत प्रश्न आला.

"केटला, म्हणजे किती गहू?"

"पाच किलो."

"चीक बसला?"

"बसला. वर पाणी आलंय."

"अरे, मग फोनवर काय उभी राहते! आमच्यामध्ये खिचियाचे पापड करतात ना, उकड झाली की बापाच्यासाठी पण थांबत नाय. टाकीला हात नाय लावायचा, खाली मशीनला हात नाय लावायचा. वॉचमनला दे."

रामसेवकने फोन कानाला लावला, तीनदा "जी भाभीजी" म्हणाला आणि चाव्यांचा जुडगा काढला. मी घरापर्यंत धावत आले. आईने चिकावरचं पाणी ओतून दिलं होतं आणि पातेल्याकडे बघत बसली होती. मी म्हटलं, "उठ. जागा मिळाली." तिने कुठे विचारलं, मी सांगितलं, तिने अण्णांकडे पाहिलं. अण्णा पांघरूण डोक्यावरून घेऊन झोपल्याचं सोंग करत होते. आई उठली.

पुढचा अर्धा तास मला आजही क्रमाने आठवतो. राणेकाकूंनी गॅलरीत उभं राहून हाक दिली, "चला गो, सगळ्यांनी चला, कुंदाच्या बापाशीच्या कारखान्यात कुरडयो घालूच्यो आसत!" इस्त्रीवाल्याची हातगाडी मागून आणली. त्यावर चिकाचं पातेलं, शिजवायचं दुसरं पातेलं, पंपाचा स्टोव्ह, रॉकेलचा डबा, पाण्याचा हंडा, धुतलेली धोतरं, सोऱ्या. पातेलं हिंदकळू नये म्हणून दोन्ही बाजूंनी दोघी आणि मागे ताई, जिला लग्नाआधी उन्हात जायला बंदी होती. एकूण नऊ बायका आणि मी. नऊवारी, पाचवारी, डोक्यावर पदर, आणि दोन्ही बाजूंना बंद शटरं. फाटकाफाटकातले वॉचमन उभे राहून बघत होते. एकाने विचारलं, "माताजी, मोर्चा है क्या?" राणेकाकू म्हणाल्या, "हां, मोर्चा है. तू भी आ, धक्का मार." आणि तो आला, चढापुरता.

वर स्लॅब झाडली, पुसली, धोतरं अंथरली. वाऱ्याने स्टोव्ह विझायला लागला तेव्हा रामसेवकने पत्र्याचा एक तुकडा आडवा लावून दिला. पाण्यात मीठ-हिंग पडलं, आधण आलं, आईने चीक ओतला आणि ताई लाकडी दांड्याने हाटायला लागली. चीक शिजत आला की दुधी रंग जातो आणि काचेसारखी झाक येते. पहिली वाटी पोरांची असते. त्या दिवशी पोर मी एकटीच, त्यामुळे वाटी भरून, वर कच्चं तेल आणि तिखट. जीभ भाजली. त्या चवीसाठी मी आजही जीभ भाजून घेईन. मग आईने सोऱ्या भरला, राणेकाकूंनी मूठ फिरवली आणि पांढऱ्याशुभ्र शेवया गोल गोल पडायला लागल्या. एक ओळ झाली, दुसरी झाली. तिसऱ्या ओळीच्या मध्यावर सोऱ्यातून करकर आवाज आला आणि मूठ गरागरा नुसतीच फिरायला लागली. मळसूत्राचे आटे झिजून गेले होते. दट्ट्या खाली सरकेना.

पातेलं अजून निम्म्याहून जास्त भरलेलं. कढत चीक निवत चाललेला. दुसरा सोऱ्या चाळीत होता, पण शेवेचा, वाटीएवढा. त्याने पाडत बसलो असतो तर दुपार झाली असती आणि तोवर चिकाची खळ. राणेकाकू म्हणाल्या, "हाताने वळूया काय?" आई पातेल्यावर ओलं फडकं टाकत होती. आणि तेवढ्यात जिन्यावरून आवाज आला, "इकडं आणा ते."

अण्णा. बनियनवर शर्ट, बटणं चुकीची लावलेली. केव्हा आले, किती वेळ जिन्यात उभे होते, कुणाला कळलं नाही. त्यांनी सोऱ्या उलटा करून पाहिला, नखाने आटे चाचपले आणि म्हणाले, "दहा मिनिटं. तोवर चीक गरम ठेव." रामसेवक म्हणाला, "भाभीजी बोली है मशीन को हाथ नहीं." अण्णा म्हणाले, "मशीनला कोण लावतंय? आज लाइटही नाही." खाली जाऊन त्यांनी मळसूत्र शिकंज्यात धरलं आणि हातानेच, डाय फिरवून फिरवून, नवे आटे पाडायला घेतले. पितळेचा चुरा खाली पडत होता. मी कंदिलासारखी छोटी टॉर्च धरून उभी होते. मी अण्णांना कामावर असं जवळून कधी पाहिलं नव्हतं. घरात पाण्याचा ग्लाससुद्धा मागायला अनमान करणारा माणूस तिथे कुणाकडे न बघता काम करत होता. दट्ट्याच्या नटात थोडी ढिलाई राहिली, ती त्यांनी पातळ पत्र्याची पट्टी सारून काढली. सोऱ्या साबणाने धुतला, कढत पाण्याने धुतला, वर नेऊन आईपुढे ठेवला. "फिरव."

आईने फिरवला. चीक लोण्यासारखा उतरला. राणेकाकू ओरडल्या, "भावोजी, माझो पण सोऱ्यो हा हो झिजलेलो!" आणि नऊच्या नऊ बायका हसायला लागल्या. अण्णा लाजून टाकीमागे जाऊन उभे राहिले, तिथेच त्यांनी वाटीभर चीक खाल्ला. साडेदहाला पातेलं रिकामं झालं. पांढऱ्या, आणि रुखवतासाठी लाल-हिरव्या, स्लॅबच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मी छत्री घेऊन राखणीला बसले. दिवसभरात एकही कावळा आला नाही. चारला कुरडया धोतरापासून सुटून आल्या, एकही न मोडता. आईने त्या एकेक करून चादरीत रचल्या. मोजल्या नाहीत. "मोजायचं काम त्या आत्याबाईंचं," ती म्हणाली. आजही आमच्याकडे कुणी चढ्या आवाजात बोललं की ताई म्हणते, "मोजून अक्षता टाका." जावईसुद्धा म्हणतात.

जाताना एक रास वेगळी बांधून रामसेवककडे दिली, शेठाणींसाठी.

प्रधान काका-काकू संध्याकाळी रिक्षातून उतरले तेव्हा आमची हातगाडी नुकतीच अंगणात शिरत होती. काकांनी पातेली पाहिली, चादरींची गाठोडी पाहिली. "कुठे वाळवल्या?" राणेकाकूंनी सांगितलं, आणि जरा वाढवूनच सांगितलं, त्यांच्या सांगण्यात शेठाणी स्वतः गाडी घेऊन आल्या होत्या. मग मी पुढे झाले आणि म्हणाले, "काका, अँटेनाला लुगडं मी बांधलं होतं. बाकी कुणाचा हात नाही." राणेकाकूंनी माझ्याकडे पाहिलं, मग ओळखून, "माझा लुगडा?" एवढंच म्हणाल्या. मी फार प्रामाणिक होते म्हणून बोलले असं कुणी समजू नये. आदल्या दिवशी आम्हाला त्यांची किल्ली हवी होती, तेव्हा माझी जीभ उचलली नव्हती. आता नको होती, म्हणून सोपं गेलं.

काकांना राग आवरायला थोडा वेळ लागला. काकू मधे पडल्या. एक कुरडई उचलून उजेडात धरली आणि म्हणाल्या, "अहो, याला अजून एक ऊन लागेल. उद्या तर कारखाना चालू." काकांनी घसा साफ केला. "उद्या सकाळी सात वाजता कुंदाने माझ्याकडून किल्ली घ्यायची. कुलूप उघडायचं, वाळवण घालायचं, आणि दहाच्या आत किल्ली आणून द्यायची. संध्याकाळी मी स्वतः कुलूप लावीन. ही परवानगी उद्यापुरती." आई म्हणाली, "बरं." तिने आभार मानले नाहीत. त्या दिवशी तिने कुणाचेच मानले नाहीत. अण्णांचेसुद्धा, फक्त रात्री त्यांच्या ताटात तिने तळून वाढलेली पहिली कुरडई होती. ती ताटाबाहेर जात होती इतकी फुलली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी किल्ली घेतली, कुलूप उघडलं, आईला आणि ताईला वाळवण घालून दिलं. मग राणेकाकूंना राखणीला बसवून नाक्यावर गेले. किल्लीवाला दुकान उघडतच होता. त्याच्याकडून तशीच दुसरी किल्ली करून घेतली, परत येऊन कुलपाला लावून पाहिली, जरा अडकत होती तर अण्णांच्या कानशीने दोनदा घासली. नवी किल्ली राणेकाकूंच्या हातात दिली आणि जुनी घेऊन खाली गेले. दहाला वीस मिनिटं कमी होती. प्रधानकाकांनी घड्याळाकडे पाहिलं, किल्ली खिळ्याला अडकवली आणि माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "शाबास. जबाबदारी अशी पाळावी."